डोळ्यांनी कमी दिसतं, मग एसटी-रेल्वेची सवलत कशी मिळवायची: तपासणीपासून कार्डापर्यंत सगळं

दिव्यांग प्रवास सवलतीबद्दल लोक विचारतात तेव्हा पहिला प्रश्न असतो फॉर्म कुठे मिळतो. फॉर्म मिळतो हो, तो अवघड नाहीच. घोळ होतो तो त्याच्या आधी, डोळे तपासताना, कारण तिथे जे आकडे लिहिले जातात त्यावरच पुढचं सगळं ठरतं, टक्के किती, कार्डाचा रंग कोणता, एसटीत सोबतीला सवलत की नाही, रेल्वेत तर मिळणार की नाही हेच. आणि एकदा चुकीचा आकडा बसला की तो सुधारायला जी पायपीट होते ती ज्याला दिसत नाही त्याच्या नशिबी येते. माझ्या मोठ्या भावाला आरपी आहे (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा वाढत जाणारा आजार), त्याच्यामुळे हे सगळं शिकलो आणि आता ओळखीपाळखीतल्यांचे कागद बघून देतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. हे महाराष्ट्रापुरतं आहे, रेल्वेचा भाग अर्थात देशभर सारखा.

आधी स्वतःच्या केसपेपरवरचे आकडे वाचायला शिका

केसपेपरवर ६/६०, ३/६० असं लिहिलेलं असतं. ६/६० म्हणजे साध्या नजरेच्या माणसाला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं ते तुम्हाला ६ मीटरवर आल्यावर वाचता येतं. ३/६० म्हणजे तेच अक्षर ३ मीटरवरून. त्याहून कमी असेल तर डॉक्टर बोटं दाखवतात, मग 'सीएफ' आणि पुढे अंतर लिहितात, तेही जमत नसेल तर चेहऱ्यासमोर हात हलवून बघतात, ते 'एचएम', आणि नुसता उजेड कळत असेल तर 'पीएल'. 'बीसीव्हीए' दिसलं तर तो आकडा चष्मा लावून जास्तीत जास्त जेवढं दिसतं त्याचा. टक्के त्याच आकड्यावर धरतात, बिनचष्म्याच्या नाही. म्हणजे चष्मा काढल्यावर काहीच दिसत नाही पण लावल्यावर ६/९ दिसतं, अशा माणसाला सवलत लागू होत नाही, कितीही जाड भिंग असलं तरी.

दुसरी गोष्ट, टक्के काढताना चांगला डोळा आधी बघतात. चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ किंवा त्याहून बरी असेल आणि दुसरा डोळा पूर्ण गेलेला असेल तर ३० टक्के होतात, आणि सवलतींची दारं ४० ला उघडतात. एका डोळ्याने अजिबात न दिसणाऱ्या कितीतरी लोकांना हे सांगताना वाईट वाटतं पण नियम तसा आहे, त्यांनी एजंटाच्या नादी लागून ४० करून आणायचा प्रयत्न अजिबात करू नये. दिव्यांगांसाठीच्या सवलती खोटेपणाने घेतल्या तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय युडीआयडी कार्डाला (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) फी नसते, त्यामुळे कार्डाचे म्हणून कुणी पैसे मागत असेल तर ते तुमच्या कामाचे नाहीत.

आता टक्क्यांचा तक्ता साध्या भाषेत. चांगला डोळा ६/२४ ते ६/६० मधे असेल तर ४० पासून सुरुवात, वाईट डोळा जास्त खराब असेल तसे ५० किंवा ६०. चांगला डोळा ६/६० च्या खाली पण ३/६० पर्यंत असेल तर ७०, आणि दुसरा डोळा ३/६० च्याही खाली गेला असेल तर ८०. चांगलाच डोळा ३/६० च्या खाली, १/६० पर्यंत असेल तर ९०. फक्त हात हललेला कळतो, फक्त उजेड कळतो किंवा काहीच नाही, तर १००. म्हणजे उजेड कळतो म्हणून १०० मिळणार नाहीत असं नाही, हा गैरसमज खूप आहे.

कायद्याच्या व्याख्येत ३/६० च्या खाली असेल तर अंधत्व, त्याच्या वर ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. फॉर्ममधे यातलाच प्रकार निवडायचा असतो. ज्यांच्या जुन्या दाखल्यावर ७५ टक्के लिहिलंय त्यांनी घाबरू नये, जुन्या २००१ च्या तक्त्यात ७५ होते, आताच्या तक्त्यात ७५ हा आकडाच नाही, त्यामुळे नव्याने तपासणी झाली की ७० किंवा ८० असं काहीतरी येतं.

फील्ड टेस्ट! हे कृपया नीट वाचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच मार खातात. नजर म्हणजे फक्त तक्त्यावरची अक्षरं नाही, किती रुंद दिसतं हेही तितकंच. आरपी किंवा वाढलेल्या काचबिंदूत बाजूचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत टिकतं. नळीतून बघितल्यासारखं. असा माणूस खुर्चीत बसून तक्त्यावरची खालची ओळ धडाधड वाचतो, आणि उठून दाराबाहेर जाताना बाकावर, माणसांवर, कुंडीवर आदळतो. रस्ता क्रॉस करताना डावीकडून येणारी रिक्षा त्याला दिसतच नाही, रात्री तर घराबाहेर पडायचीच पंचाईत. प्रवासाला मदत खरी कुणाला लागते? त्यालाच! पण बोर्डावर (टक्के ठरवणारे सरकारी हॉस्पिटलातले डॉक्टर) फक्त अक्षरांचा तक्ता वाचून घेतला तर त्याच्या कागदावर ६/९ येतं आणि टक्के शून्य. माझ्या भावाचं पहिल्या वेळी एका हॉस्पिटलात अगदी असंच झालं, ६/९ लिहून घरी पाठवलं.

कायद्यात मात्र फील्ड स्पष्ट लिहिलेलं आहे. चांगल्या डोळ्याचं दिसण्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी, २० पर्यंत असेल तर ४० टक्क्यांच्या गटात. २० पेक्षा कमी, १० पर्यंत असेल तर ७० च्या गटात. १० अंशांपेक्षा कमी असेल तर ९०, मग तक्त्यावर कितीही चांगलं वाचता येत असो, आणि कायद्याच्या व्याख्येत ते अंधत्वच. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, "अहो पण तो पेपर वाचतो" म्हणतात. वाचू शकतो, आणि तरी तो कायद्याने अंध असू शकतो.

तर करायचं काय. बोर्डाच्या तारखेच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्ड टेस्ट करून घ्या, पेरिमेट्री म्हणतात, बहुतेक ठिकाणी हम्फ्रेचं मशीन असतं. दोन्ही डोळ्यांची, वेगवेगळी. ही टेस्ट दमवणारी असते, समोर एका ठिपक्याकडे एकटक बघत राहायचं आणि बाजूला उजेड चमकला की बटण दाबायचं, त्यामुळे सकाळी ताज्यातवान्या डोळ्यांनी करा, दिवसभर रांगेत उभं राहून संध्याकाळी नको. बटण अंदाजाने दाबू नका. मशीन तुम्ही ठिपक्याकडे बघत होतात की डोळे फिरवत होतात, उगाच किती वेळा दाबलंत हे सगळं प्रिंटवर छापतं आणि तिथे गडबड दिसली की बोर्डाचे डॉक्टर तो प्रिंट बाजूला ठेवतात, बरोबरच आहे त्यांचं. प्रिंट खराब आलं तर थोडी विश्रांती घेऊन पुन्हा करायला सांगा, लाजू नका.

आणि डॉक्टरांना एक विनंती करा की रिपोर्टवर एका ओळीत शब्दात लिहून द्या, उजव्या डोळ्याचं क्षेत्र किती अंश, डाव्याचं किती. प्रिंटवरचे काळे करडे ठिपके बोर्डाच्या गर्दीत कुणी मोजत बसत नाही, ती एक ओळ मात्र वाचली जाते. ज्यांची मधलीच नजर अगदी कमी आहे, बोटंही मोजता येत नाहीत, त्यांना ही टेस्ट जमतही नाही आणि गरजही नाही, त्यांचे टक्के अक्षरांवरूनच येतात.

आरपीबरोबर ऐकू पण कमी येत असेल (अशर सिंड्रोममधे तसं असतं) तर कानांची तपासणीही करून घ्या. दोन अपंगत्वं असतील तर नुसती बेरीज करत नाहीत, सूत्र वेगळं आहे, पण एकूण आकडा वाढतो. उदाहरणार्थ नजरेचे ५० आणि कानाचे ४० असतील तर एकत्र साधारण ६७-६८ होतात. हे का सांगतोय ते एसटीच्या भागात कळेल.

युडीआयडीचा अर्ज

आता अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो. मोबाईलवरून होतो पण फोटो-सही अपलोड करताना वैताग येतो, कम्प्युटर मिळाला तर बरं, नाहीतर सेतू केंद्र किंवा सीएससीवाल्याकडे. नाव, जन्मतारीख आधारवर जशी आहे अगदी तशीच टाका, आधारवर वडिलांचं नाव अर्धं असेल तर आधी आधार दुरुस्त करा मगच इकडे या, नाहीतर पुढे रेल्वेच्या कार्डाला पुन्हा तोच त्रास. मोबाईल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या, सेंटरवाल्याचा नको, कारण सगळे मेसेज त्यावर येतात. फोटो सहा महिन्यांच्या आतला. हॉस्पिटल निवडताना आपल्या जिल्ह्याचं, किंवा तुमचे उपचार दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी हॉस्पिटलात चालू असतील तर ते चालतं. अर्ज झाला की एनरोलमेंट नंबर मिळतो तो दोन ठिकाणी लिहून ठेवा.

अर्ज करून नुसते घरी बसू नका, बोर्डासमोर जावं लागतंच. २०२४ मधे नियम बदलले, त्यात हॉस्पिटलला निर्णय द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे (आधी एक महिना होती), आणि दोन वर्षं अर्ज तसाच पडून राहिला तर तो रद्द होतो आणि पुन्हा भरावा लागतो. सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजात दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात आणि डोळ्यांचा वार वेगळा असू शकतो, त्यामुळे निघण्याआधी फोन करा किंवा जवळच्या कुणाला चौकशीला पाठवा. खेड्यातून पहाटेची गाडी पकडून आलेला माणूस "आज डोळ्यांचं नाही" ऐकून परत जातो हे बघवत नाही.

बोर्डाच्या दिवशी

बरोबर काय न्यायचं: आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, एनरोलमेंटचा कागद, आणि डोळ्यांचे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावून. सगळ्यात वर ताजा रिपोर्ट ज्यात आजाराचं नाव, चष्म्यासकट नजर आणि फील्डची ती ओळ. जो चष्मा वापरता तो घालून जा. सोबत माणूस हवाच, एक तर गर्दी, आणि दुसरं म्हणजे पडदा तपासायला डोळ्यात थेंब टाकले की तासन्‌तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. नजर मात्र थेंब टाकायच्या आधी मोजायला हवी, आधी थेंब टाकले तर नम्रपणे विचारा की नजर मोजली का.

डॉक्टरांशी बोलताना खरं तेच सांगा, जेवढं दिसतं तेवढं वाचा. वाढवून सांगण्यात काही फायदा नाही, त्यांना शंका आली तर ईआरजी, व्हीईपी अशा टेस्ट सांगतात, त्यात पडदा आणि नस किती काम करते ते तुमच्या सांगण्यावर अवलंबून नसतं. पण कमी करूनही सांगू नका! आपल्याकडे लोकांना सवय असते, "तसं ठीक आहे, चालतंय" म्हणायची, विशेषतः बायका आणि म्हातारी माणसं. इथे तसं म्हणू नका. "रात्री मी एकटी बाहेर पडू शकत नाही, पायरी दिसत नाही, बसचा नंबर वाचता येत नाही" असं सरळ सांगा. आणि आरपी-काचबिंदूवाल्यांनी तक्ता वाचून झाला की लगेच, उठायच्या आधी, फील्डचा रिपोर्ट पुढे करा आणि म्हणा की सर/मॅडम माझं बाजूचं गेलंय, हा रिपोर्ट बघा.

मोतीबिंदूसारखं ऑपरेशनने सुधारणारं काही असेल तर आधी उपचार करा म्हणतील, किंवा तात्पुरतं सर्टिफिकेट देतील, त्यात मुदत लिहिलेली असते. सुधारणा होणार नाही असं असेल तर कायमचं मिळतं. तुमचा आजार बरा न होणारा असताना तात्पुरतं लिहिलं गेलं तर तिथेच विचारा, नंतर दर काही वर्षांनी हेलपाटे.

मंजूर झालं की सर्टिफिकेट आणि ई-कार्ड पोर्टलवरून डाउनलोड होतं, प्लास्टिकचं पोस्टाने येतं. ८० आणि वर असेल तर निळी पट्टी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ४० च्या खाली पांढरी. पांढरी पट्टी आली तर प्रवास सवलत मिळत नाही.

एसटी

४० टक्के किंवा वर असेल तर साध्या गाडीच्या भाड्यात ७५ टक्के सूट. ६५ किंवा वर असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. नजरेचे टक्के दहा-दहाने चढतात त्यामुळे ६० वाल्याला सोबत्याची सवलत नाही, ७० वाल्याला आहे, म्हणून मगाशी फील्ड आणि कानांबद्दल एवढं सांगत होतो. सोबत बाई असेल तर तिला २०२३ पासून तसंही अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे हा प्रश्न पुरुष सोबत्यापुरता राहतो. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर कंडक्टरशी वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. वरच्या दर्जाच्या गाड्यांना सूट वेगळी असते, बुकिंगच्या आधी आगारात विचारा.

शहरातल्या बसचा पास वेगळा, त्या त्या महापालिकेच्या परिवहन ऑफिसात. आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, त्यातून काय देतात हे लेखी अर्ज करून विचारा, तोंडी विचारलं की "काही नाही" असंच उत्तर येतं.

रेल्वे: इथे नियम वेगळा आहे

युडीआयडी आहे म्हणजे रेल्वेची सवलत आली असं समजून खिडकीवर जाऊ नका. रेल्वेच्या तक्त्यात डोळ्यांसाठी शब्द आहेत 'दृष्टीचा पूर्ण अभाव'. म्हणजे ४०, ५०, ७० टक्केवाल्या अल्पदृष्टी माणसाला रेल्वेत सवलत बसत नाही, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते, कारण प्लॅटफॉर्म आणि डब्यातली फट न दिसणारा तोही असतो. पण आज अर्ज करताना हे माहीत असलेलं बरं.

ज्यांना लागू होते त्यांच्यासाठी सूट चांगली आहे: सेकंड, स्लीपर, फर्स्ट क्लास, एसी थ्री टियर, एसी चेअर कारला ७५ टक्के, एसी फर्स्ट आणि टू टियरला ५०, राजधानी-शताब्दीच्या थ्री टियर आणि चेअर कारला २५, लोकलच्या महिन्याच्या आणि तिमाही पासाला ५०. सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. एकटं प्रवास केलं तरी चालतं. सूट मूळ भाड्यावर मिळते, रिझर्व्हेशन आणि सुपरफास्टचे पैसे पूर्ण लागतात, त्यामुळे तिकीट बरोबर पाव भावाला पडलं नाही तर फसवलं असं समजू नका.

यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र लागतं, त्यावर सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांची सही, रजिस्ट्रेशन नंबर, हॉस्पिटलचा शिक्का, आणि फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर येईल असा. हा नमुना छापून बोर्डाच्या दिवशीच बरोबर घेऊन जा, डॉक्टर समोर असतातच. नंतर एका सहीसाठी पुन्हा रजा काढून जावं लागतं. कायमच्या अंधत्वात मुदत वयाप्रमाणे: २५ वर्षांपर्यंत पाच वर्षं, २६ ते ३५ ला दहा वर्षं, ३५ च्या पुढे आयुष्यभर.

मग रेल्वेच्या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज, त्यात हे प्रमाणपत्र, युडीआयडी, आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो. छाननी होऊन कार्ड नंबर मिळतो, तो आयआरसीटीसीवर टाकला की ऑनलाइन सवलतीचं तिकीट निघतं आणि दिव्यांग कोट्यातले बर्थही तिथेच दिसतात. कोट्याचे बर्थ मोजके असतात, सणासुदीला लवकर बघा.

नोकरी करणाऱ्यांसाठी थोडं

सरकारी नोकरीत दिव्यांगांना वाहतूक भत्ता जास्त दराने मिळतो, केंद्रात नेहमीच्या दुप्पट. आपोआप लागत नाही, आस्थापना शाखेत सर्टिफिकेट लावून अर्ज करा. खाजगीतही पगारात ट्रान्सपोर्ट अलाउन्स असेल तर अंध कर्मचाऱ्याला त्यातल्या ठरावीक रकमेवर टॅक्स लागत नाही, नव्या टॅक्स रिजिममधे पण, एचआरला सांगा. पांढरी काठी आणि ती वापरायचं शिक्षण हाही प्रवासाचाच भाग आहे, मुंबईत वरळीला नॅबकडे (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासूनची संस्था) चौकशी करा. दिसणं पूर्ण जायच्या आधी काठी शिकून घेतलेली फार बरी, आमच्या दादाने तसंच केलं.

टक्के कमी लिहिले किंवा नाकारलं तर

नाकारलं तर कारण लेखी द्यायचं असतं, ते मागून घ्या. निर्णयापासून ९० दिवसांत राज्याने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं, कोणत्या हॉस्पिटलकडे ते सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात विचारा. अर्जात भावना कमी आणि आकडे जास्त लिहा: अमुक तारखेच्या तपासणीत फक्त अक्षरांची नजर मोजली, क्षेत्र मोजलं नाही, सोबत अमुक तारखेचा पेरिमेट्रीचा रिपोर्ट जोडलाय ज्यात चांगल्या डोळ्याचं क्षेत्र इतके अंश आहे, तरी फेरतपासणी व्हावी. जुन्या सर्टिफिकेटची किंवा नकाराच्या पत्राची प्रत जोडा, पोच घ्या. उत्तरच येत नसेल तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे तिथे लेखी तक्रार करता येते.

अपील करायचं नसेल, म्हणजे टक्के तेव्हा बरोबरच होते पण नंतर नजर आणखी गेली, तर ताज्या रिपोर्टवर पुन्हा तपासणी मागता येते. आरपी आणि काचबिंदू वाढत जाणारे आजार आहेत, ४० चं कार्ड मिळालं म्हणून तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा फील्ड करत राहा आणि १० अंशांच्या खाली आलं की नवीन प्रिंट घेऊन पुन्हा बोर्डाकडे जा. ज्यांच्या सर्टिफिकेटवर मुदत आहे त्यांनी ती संपायच्या चार-पाच महिने आधीच अर्ज टाका, तीन महिने तर हॉस्पिटलचेच जातात.